आठ बोल्ट आणि आंबोलीचा घाट

हा भाग मी मालवणातून करतोय, आमच्या घरामागच्या मांगरात बसून. ऐकताना मागे मध्येच ठण्ण असा आवाज येईल. घाबरू नका, ते मेस्त्रीकाका आहेत. खाली नेहमीप्रमाणे बोललेलं जसंच्या तसं उतरवलंय, फक्त माझे 'अं, अं' तेवढे काढलेत.

या मांगरात एक गाडी आहे. १९६८ ची फोक्सवॅगन बीटल, १३०० सीसी. आजोबांचा गिरगावात छोटा छापखाना होता, तेव्हा त्यांनी ती तिसऱ्या हाताने घेतली आणि छापखाना बंद करून गावी आले तेव्हा सोबत आणली. १९९६ च्या मे महिन्यात तिचं इंजिन फुटलं. 'फुटलं' हे उगाच नाही म्हणत. एक कनेक्टिंग रॉड इंजिनाचं अंग फोडून बाहेर आला. तेव्हापासून ती इथेच. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी लहानपणी तिच्यात बसून स्टिअरिंग फिरवायचो, आणि कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या.

गेल्या वर्षी वर्क फ्रॉम होम मिळालं आणि मी ती चालू करायचं मनावर घेतलं. पुण्यात भंगारात निघालेल्या एका बीटलचं इंजिन मिळालं. ते सगळं उघडलं. पिस्टन नवे, बेअरिंगं नवी. आणि मग माझ्यात आणि मेस्त्रीकाकांत पहिला वाद झाला तो आठ बोल्टांवरून.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. आजोबांच्या काळापासून ही गाडी त्यांच्याच हातात. मी नवे रॉड बोल्ट मागवले म्हटल्यावर त्यांनी जुना बोल्ट कापडाने पुसून माझ्यासमोर धरला. "झिला, ह्या बोल्टांका काय धाड भरलीहा? चकचकीत आसत. नवे कित्याक व्हये?"

खरं सांगू? बोल्ट खरंच चकचकीत होता. आटे स्वच्छ, गंज नाही, वाकलेला नाही. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला त्यांना सांगता येईना. म्हणून मी वाचायला बसलो, आणि त्यातून हा भाग तयार झाला.

आधी हा बोल्ट करतो काय ते बघू. पिस्टन वर-खाली जातो आणि क्रँकशाफ्ट गोल फिरतो. त्या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचं खालचं टोक क्रँकला मिठी मारून बसतं. पण मिठी मारायची तर हात उघडायला हवेत, म्हणून ते टोक दोन तुकड्यांत असतं. वरचा अर्धा भाग रॉडचाच, खालचा अर्धा सुटा, त्याला कॅप म्हणतात. हे दोन अर्धे दोन बोल्टांनी धरलेले असतात. चार सिलिंडर, आठ बोल्ट. मुठीत मावतात.

आपल्याला वाटतं, स्फोट होतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण येत असेल. पण स्फोट रॉडला खाली दाबतो, आणि दाबताना बोल्टांना फारसं काम नसतं. बोल्टांची परीक्षा होते ती जळलेला वायू बाहेर टाकून पिस्टन माथ्यावर पोचतो तेव्हा. वर हवेची उशी नसते, पिस्टन सुसाट वर निघालेला असतो, आणि रॉडला त्याला ओढून परत खाली आणायचं असतं. हा सगळा ओढा कॅपमधून, म्हणजे त्या दोन बोल्टांमधून जातो.

मी हिशोब केला. या इंजिनात पिस्टन ६९ मिलिमीटर वर-खाली जातो, रॉडची लांबी १३७ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या मारत असेल तर माथ्यावर पिस्टनला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ७७० पट असतो. पिस्टन, पिन, रिंगा मिळून अर्धा किलो धरा. म्हणजे जवळजवळ ३८५ किलोचा ओढा. तांदळाची पन्नास किलोची पावणेआठ पोती दोन बोल्टांना टांगली आहेत, आणि सेकंदाला तेहेतीस वेळा कोणीतरी ती टांगतंय आणि काढतंय. गाडी ५०,००० किलोमीटर चालली, सरासरी वेग ताशी ५०, इंजिनाच्या फेऱ्या सरासरी ३०००, तर एका बोल्टने हा हिसका नऊ कोटी वेळा खाल्लेला असतो. हिसका लहान-मोठा असेल, पण आकडा नऊ कोटी.

आता इतिहास. कारण 'एकदा वजन पेललं म्हणजे नेहमी पेलेल' ही समजूत फक्त आमच्या काकांची नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या भल्याभल्या इंजिनिअरांची तीच होती.

८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला परतणारी आगगाडी. मदाँ गावाजवळ पुढच्या इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. त्या काळी प्रवाशांनी मध्येच उतरू नये म्हणून डब्यांची दारं बाहेरून कुलूप लावून बंद करत. पन्नासहून जास्त माणसं गेली. अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आलेला दर्यावर्दी ड्युमाँ द्युरविल त्यात बायको आणि मुलासकट गेला.

आस काही पहिल्या दिवशी मोडला नव्हता. तो चांगला चालत होता, आणि एक दिवस मोडला. तुटलेल्या तोंडाकडे बघून लोक म्हणू लागले की लोखंड वापरून वापरून आतून बदलतं, त्याचे खडीसाखरेसारखे स्फटिक होतात. चुकीचं होतं ते, पण मोडलेला आस हातात घेतला तर आपणही तेच म्हणालो असतो.

उत्तर मिळायला पुढे पंचवीसेक वर्षं लागली. प्रशियातल्या रेल्वेत ऑगस्ट व्यूलर नावाचा इंजिनिअर होता. त्याने आस फिरवत ठेवून वाकवणारी यंत्रं बनवली आणि लाखो, करोडो फेऱ्या मोजल्या. १८७० पर्यंत त्याने सगळं मांडून ठेवलं. थोडक्यात असं: जे वजन लोखंड एकदा अगदी आरामात पेलतं, त्यापेक्षा बरंच कमी वजन परत परत लावलं तरी ते तुटतं. किती वजनाने तुटेल यापेक्षा किती वजन किती वेळा, हा खरा प्रश्न. याला आपण आज फटीग म्हणतो. मराठी पुस्तकांत 'श्रांती' लिहितात, पण गॅरेजमध्ये श्रांती म्हटलं तर कोणी चहा आणून देईल.

फटीगचं वाईट काय, तर तो दिसत नाही. बेअरिंग झिजलं की ओरखडे दिसतात. पिस्टन ढिला झाला की फीलर गेजने मोजता येतो. बोल्टात मात्र आट्याच्या खाचेत, जिथे नट सुरू होतो तिथे, केसाहून बारीक भेग पडते आणि आत सरकत राहते. बाहेरून बोल्ट चकचकीतच. आमच्या धंद्यात बोलायचं तर सगळ्या टेस्ट पास होतायत, आणि प्रॉडक्शन एका रविवारी रात्री झोपणार आहे.

थांबा, इथे अजून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की मग बोल्ट टिकतात तरी कसे. बोल्ट आवळला की तो ताणला जातो, स्प्रिंगसारखा. तो कॅपला ३८५ किलोपेक्षा कितीतरी जास्त जोराने आधीच दाबून धरतो. त्यामुळे पिस्टनचा हिसका आला तरी बोल्टाला त्यातला थोडाच जाणवतो. तो आधीच ताणलेला आहे, हेच त्याचं आयुष्य. हा ताण कमी झाला, नट थोडा सैल बसला किंवा बोल्ट कायमचा लांब झाला, की प्रत्येक हिसका थेट बोल्टावर. मग नऊ कोटींची वाट बघावी लागत नाही.

म्हणजे बोल्ट नुसता घट्ट नको, मापात घट्ट हवा. आणि मापात कसा करणार? टॉर्क रेंच लावून. यातही गंमत आहे. पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो, नटाखाली आणि आट्यांमध्ये. बोल्ट ताणायला उरतो दहा टक्के. जुन्या बोल्टाचे आटे खरबरीत झाले असतील तर रेंच तोच आकडा दाखवेल, बोल्ट मात्र कमी ताणलेला असेल.

मी काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, चाळीस वर्षं मी हाताच्या अंदाजाने आवळतोय. मग आम्ही व्हाइसमध्ये एक रद्दी बोल्ट धरून बघितलं. बीटलच्या नट-बोल्टवाल्या रॉडला ३.३ मीटर-किलो टॉर्क सांगितलाय. काकांनी साध्या पान्याने आवळलं, मी मोजलं. पहिल्या वेळी ३.१, दुसऱ्या वेळी ३.६. बिनमापाच्या हाताला हे भारीच आहे. माझा स्वतःचा अंदाज किती आला ते मी सांगणार नाही.

मग प्रश्न उरतो: इतका हातखंडा माणूस जुने बोल्ट परत लावायची सवय शिकला कुठून? आळसातून नक्कीच नाही. मला वाटतं, देशाच्या धोरणातून.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. बाहेरून पेट्या यायच्या, इथे गाडी उभी राहायची. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर सरकारने ठरवलं की ज्यांना सुटे भाग इथेच बनवायचे नाहीत त्यांनी नुसती जोडाजोडी करू नये. परदेशी कंपन्या निघून गेल्या. उरल्या अ‍ॅम्बॅसेडर, फियाट, स्टँडर्ड. धोरण चूक होतं असं मी सरसकट म्हणणार नाही. पुण्या-कोल्हापुराकडचे कितीतरी कारखाने त्या बंद दाराआडच वाढले. इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्ण्यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः बनवली, ती बाजारात कधीच आली नाही. तिच्यावर वेगळा भाग करायचाय मला.

पण बीटल या यादीत कधीच नव्हती. भारतात ती यायची परदेशातून परतणाऱ्यांबरोबर, किंवा वकिलातींच्या गाड्या विकायला निघायच्या तेव्हा. जगात तिच्या दोन कोटी पंधरा लाख गाड्या निघाल्या, शेवटची ३० जुलै २००३ ला मेक्सिकोत. आणि फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या चाकणला सुरू झाला २००९ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत इथल्या बीटलवाल्याने भाग आणायचे कुठून?

आमच्याकडे ते बोटीवरून आले. गावातले एक जण मालवाहू जहाजावर खलाशी होते. आजोबांनी त्यांच्याकडे कागदावर यादी लिहून दिली आणि १९८९ मध्ये हॅम्बुर्गहून बेअरिंगं, रिंगा आणि गॅस्केटं आली. ती यादी अजून घरात आहे, आजोबांच्या छापल्यासारख्या अक्षरात. तिच्यात बोल्ट नाहीत. जे झिजलेलं दिसलं ते लिहिलं. बोल्ट झिजलेले दिसत नव्हते.

लेथवर बनवून घेता आले असते का? आले असते, आणि ते आणखी वाईट झालं असतं. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे बघितलेत तुम्ही? पहिला आकडा सांगतो की चौरस मिलिमीटरला साधारण ८० किंवा १०० किलोला तो तुटेल. दुसरा सांगतो की त्याच्या किती हिश्श्याला तो कायमचा लांब होईल, ८० टक्के की ९० टक्के. साधी लोखंडी सळई ४० च्या आसपास तुटते. शिवाय चांगल्या बोल्टाचे आटे कापलेले नसतात, दाबून उठवलेले असतात, त्यामुळे खाचेत भेग पडायला वेळ लागतो. लेथवर आटा कापला की भेगेला जागा आयती तयार.

जिथे भाग मिळतात आणि जीव टांगणीला असतो, तिथे हा वाद होतच नाही. प्रशिक्षणाची सेस्ना १७२ विमानं असतात ना, त्यात अनेक वर्षं लायकमिंगचं इंजिन येतं. चार सिलिंडर, समोरासमोर आडवे, हवेवर थंड होणारं. मांडणी आमच्या बीटलसारखीच. ओव्हरहॉलच्या वेळी काय काय न बघता बदलायचं याची लायकमिंगची यादी आहे, सर्व्हिस बुलेटिन २४०. त्यात रॉडचे बोल्ट आणि नट आहेत. ते कसे दिसतात हे तिथे कोणी विचारत नाही. आणि उलट टोकाला पोर्शं ९११: १९८४ नंतरच्या ३.२ लिटर इंजिनात रॉड बोल्ट ९ मिलिमीटरचे, आधीच्यांपेक्षा बारीक, आणि ती इंजिनं उघडणारे लोक आजही सगळ्यात आधी ते बदलतात.

हे आपल्या किनाऱ्याला नवीन आहे असंही नाही. पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवलेल्या होड्या होत्या. २०२५ मध्ये नौदलाने कारवारला ताफ्यात घेतलेलं 'कौंडिण्य' जहाज तसंच शिवलेलं आहे, गोव्यात बांधलेलं. काथ्या कुजतो हे माहीत असल्यामुळे तो काही काळाने उसवून होडी नव्याने शिवायची, हे ठरलेलंच. काकांचे आजोबा रापणीवर होते. त्यांना हे मी सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. म्हणाले, काथ्याचं वेगळं, तो मऊ पडलेला हाताला कळतो.

आणि मग ते उठून घरी गेले. मला वाटलं, रागावले.

तासाभराने परत आले ते बिस्किटाचा एक गंजका डबा घेऊन. आत जुने जेट, स्प्रिंगा, आणि कापडात गुंडाळलेला एक तुटका बोल्ट. १९९६ चा. आमच्या गाडीचा.

"ह्यो मी आजपर्यंत कोणाक दाखवूक नाय. माका वाटला, माझ्याच हातान जास्ती आवळलो."

इथे थोडं मागे जावं लागेल. त्या मे महिन्यात आजोबा-आजी कोल्हापूरहून परत येत होते. आंबोलीचा घाट सावंतवाडीकडे उतरताना इंजिन फुटलं. कोणाला काही झालं नाही. पण आजोबांनी कायम असंच धरलं की निघताना त्यांनी ऑइल बघितलं नव्हतं. मी लहान असताना ते मला दहादा सांगायचे, 'गाडी काढण्याआधी ऑइल बघायचं.' त्यानंतर त्यांनी कुठलीच गाडी चालवली नाही. २०११ मध्ये ते गेले, ऑइलचं ओझं घेऊनच. आणि दोन घरं सोडून काका हे दुसरं ओझं डब्यात ठेवून होते.

मी बोल्ट मोबाइलच्या टॉर्चखाली धरला आणि लेन्स लावून बघितला. जास्त आवळून बोल्ट तुटला तर तो आधी लांबतो, कमरेत बारीक होतो. हा तसा नव्हता. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, आणि त्यावर एका काठापासून सुरू होणाऱ्या बारीक वक्र रेघा. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार. त्या रेघांना इंग्रजीत 'बीच मार्क्स' म्हणतात. ओहोटीला वाळूवर पाण्याच्या रेघा राहतात ना, तारकर्लीला दिसतात तशा. भेग थोडी सरकते, थांबते, परत सरकते, त्याच्या या खुणा. दाणेदार भाग म्हणजे शेवटचा क्षण, उरलेलं लोखंड एकदम तुटलं तो.

म्हणजे भेग त्या दिवशी पडलेली नव्हती. ती बराच काळ आत चालत होती. ऑइल संपून बेअरिंग जळलं असतं तर क्रँकचा तो भाग उष्णतेने निळा पडला असता. आम्ही जुना क्रँक धुऊन बघितला. निळा नाही.

आणि घाट उतरताना का? दुसऱ्या गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, इंजिन गाडीला रोखतंय, फेऱ्या चढलेल्या. स्फोट जवळजवळ होतच नसतात. एरवी दोन फेऱ्यांत एकदा येणारा तो ओढा आता जवळपास प्रत्येक फेरीला येतो. चढताना इंजिन ओरडतं म्हणून आपण चढाला घाबरतो, पण बोल्टाला उतार जड जातो.

काकांना हे सांगायला मला अर्धा तास लागला. मी वाळूवर काडीने काढून दाखवलं. त्यांनी बोल्ट दोनदा उलटसुलट केला, स्वतःच्या चष्म्यातून बघितला. म्हणाले, "म्हणजे आवळण्याचो काय संबंध नाय." मी म्हटलं, नाही. ऑइलचाही नाही. ते बोल्ट १९८९ मध्येच २१ वर्षांचे होते. नवे मिळाले असते तर तुम्ही लावले असते ना? त्यावर ते काही बोलले नाहीत.

आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन बोल्ट हातात घेऊन उभी राहिली बराच वेळ. मग म्हणाली, बाबांना हे कळायला हवं होतं.

नव्या बोल्टांचं काम सांगून थांबतो, कारण तुमच्यातला कोणीतरी हे करायला जाणार. बोल्ट ठोकून बसवले की काम झालं असं नाही. नव्या बोल्टाने कॅप केसभर सरकते आणि भोक गोल राहत नाही. म्हणून कॅप आवळून भोक बोअर गेजने मोजावं लागतं, दोन-तीन दिशांनी. आम्ही रॉड कुडाळ एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नेले. चारातले दोन बरोबर निघाले, दोन होन करावे लागले. नट नवेच, आट्यांना ऑइलचा थेंब, आणि आवळून झाल्यावर नटाचा काठ पंच मारून रॉडच्या खाचेत बसवायचा, म्हणजे तो फिरत नाही. पंच मारलेला नट परत वापरायचा नसतो.

आणि जुने आठ? काकांनी ते मला फेकू दिले नाहीत. तुटक्याशेजारी, डब्यात.

परवा रॉड लावले. रेंच मी सेट केला, पण आवळायला काकांनाच दिला. प्रत्येक वेळी 'टक्' वाजलं की ते थांबायचे आणि मला म्हणायचे, "लिही." मी आजोबांच्या त्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेलो: पहिला सिलिंडर, डावा, ३.३. पहिला, उजवा, ३.३. आठ ओळी झाल्यावर काकांनी कागद मागून घेतला, मोजल्या, आणि पंच उचलला.

इंजिन अजून गाडीत चढायचंय. चालू झालं तर आवाज ऐकवतो पुढच्या भागात.